तांबड्यापलीकडील रंग साधिला, त्याची हकीकत

श्रीतेजोनिधी प्रसन्न. सभाजनी चित्त देऊन वर्तमान ऐकावे. शके १९४१, विकारी नाम संवत्सरे, कार्तिकमासी दरबारचे चोपदार रखमाजी यांच्या गळ्यातील गाठ कापून वर्ष लोटले नाही तोच ती पुन्हा उठली. तेव्हा राज्याचे शस्त्रवैद्य हैबतराव, हाताचे मोठे स्थिर, सरकारांपुढे साफ बोलिले की गाठीची मुळे मांसात मिसळतात आणि डोळ्यांस वेगळी दिसत नाहीत. कमी कापावे तर रोग उरतो, आणि अधिक कापावे तर आवाजाची नस तुटून माणूस जन्माचा मुका होतो. गाठ सावकाश वाढणारी आहे, पुढील दसऱ्यापर्यंत थांबता येईल, पुढे नाही. रखमाजी तेथेच उभे राहून ऐकत होते. मग सरकारांनी, जेथे रंग घडवितात त्या रंगशाळेच्या मुख्य मथुराबाई निळारी यांस पाचारण केले आणि फर्माविले की गाठीस तेवढा चढेल आणि निरोगी मांसास चढणार नाही, ऐसा रंग करावा. मथुराबाईंनी अर्ज केला की निळा, हिरवा, पिवळा उजेड रक्त आणि कातडी गिळून टाकितात. तांबड्याच्याही पलीकडे जो उजेड आहे तो मांसातून पार होतो, आणि माणसाच्या डोळ्यांस दिसत नाही तरी यंत्राच्या डोळ्यास दिसतो. त्या उजेडाने उजळेल ऐसा रंग घडवावा लागेल. दिवाण हसून म्हणाले की जो दिसत नाही तो रंग कसला. सरकार हसले नाहीत. दसऱ्यापर्यंत मुदत दिली.

मग मथुराबाईंनी कंबर बांधली. रंगाचा रेणू म्हणजे दोन मस्तके आणि मधे दुव्यांची साखळी, आणि साखळी जसजशी लांबवावी तसतसा रंग तांबड्याकडे सरकतो, हे त्यांस ठाऊक होते. म्हणोन साखळी लांबविली, आणि रंग तांबड्यापलीकडे गेला, यंत्रात उजळलाही, परंतु दिव्याखाली धरिला तो पाहता पाहता विझला. लांब साखळी ढिली, ती वळवळून घेतलेला उजेड उष्णतेत दवडी, आणि प्राणवायू तीस मधेच तोडी. रंगशाळेचे लोक म्हणो लागले की साखळी आखूड करावी आणि मिळेल त्यात भागवावे. मथुराबाईंनी ऐकिले नाही. साखळीच्या मध्यावर कर्बाचे कडे बसवून ती आवळिली, तेव्हा साखळी ताठ जाहली आणि उजेड टिकला. मग तो रंग गाठ असलेल्या उंदराच्या नसेत सोडिला, तेव्हा रेणू रक्तात एकमेकांस चिकटून गोळा जाहले, आणि उरला रंग सारा यकृतात जाऊन बसला. गाठ अंधारीच राहिली. ऐशात नवे साल लागून श्रावण आला, आणि रखमाजी आपण होऊन रंगशाळेत आले. बसले, आणि हळूच म्हणाले, "बाईसाहेब, रंग नाही साधला तरी हैबतरावांस सांगा, कापा म्हणावे. मुका जगेन, पण जगेन."

मथुराबाई म्हणाल्या, "इतक्यात तयारी करू नका. मी अजून थांबलेली नाही."

ऐसा धीर देऊन त्या पुन्हा कामास लागल्या. दोन्ही मस्तकांस क्षाराच्या शेपट्या लाविल्या, जेणेकरून रेणू पाण्याशी सलगी करी आणि एकमेकांपासून दूर राही. आणि एका शेपटीस ऐसा आकडा जोडिला की जो गाठीच्या पेशींसच धरी. पहिला आकडा सुटला, दुसऱ्याने उजेड मारिला, तिसरा बसला. तो रंग उंदरात सोडिला, तेव्हा फाजील होता तो मूत्रावाटे निघून गेला आणि यंत्राच्या पडद्यावर गाठ एकटीच उजळली. लोक आनंदले, परंतु मथुराबाई इतकेच म्हणाल्या की पुन्हा करावे; आणि पुन्हा करून, त्यात विष नाही याची परीक्षा पुरती करून, मगच रंग हैबतरावांच्या हाती दिला.

दसऱ्याच्या आधी रखमाजींच्या नसेत रंग सोडिला, मग भूल दिली, आणि हैबतरावांनी गाठ काढिली. बोटाने चाचपून म्हणाले की सर्व निघाले, आता शिवतो. परंतु पडद्यावर आवाजाच्या नसेलगत केसाएवढा एक धागा उजळत होता. हैबतराव म्हणाले की येथे मजला काहीच दिसत नाही, आणि नसेजवळ उगाच शस्त्र नेणे बरे नव्हे. रंग खोटा ठरला तर एका माणसाची वाचा जाणार होती; तरी मथुराबाईंनी पडद्यावरून नजर काढिली नाही.

म्हणाल्या, "डोळ्यांस नसेल. तेथे आहे."

हैबतरावांनी पडद्याकडे पाहात हात चालविला, धागा सोडवून काढिला आणि नस राखिली. वैद्यशाळेत तपासता त्या धाग्यात रोगच निघाला. तिसरे दिवशी रखमाजींनी पाणी मागितले. आवाज घोगरा, परंतु आपलाच.

सरकार बहुत खुशाल जाहले, मथुराबाईंस मानाची वस्त्रे दिली आणि आता विश्रांती घ्यावी म्हणोन सुचविले. मथुराबाईंनी वस्त्रे माथी लाविली आणि अर्ज केला की हा रंग बोटभर खोल दिसतो, पोटातील गाठी त्याहून खोल असतात, तरी रंगशाळेस आणखी सवड मिळावी. सरकारांनी दिली.

तात्पर्य, गळ्यातील रोग हटला, पोटातील बाकी आहे. दसरा सरला आणि रंगशाळेत नवी साखळी लांबविण्यास घेतली. हे वर्तमान येथवरचे.