हेडमास्तरसाठी थंड जागा

नामंजूररावांना राग यायचा तो नेहमी परक्यांचा, आणि तोही भरल्या पोटी. विमा कंपनीच्या दावे विभागात ते होते. लोकांच्या जळालेल्या दुकानांवर आणि बुडालेल्या गोदामांवर ते 'नामंजूर'चा शिक्का इतक्या तन्मयतेने मारत, की त्यांचं खरं नाव ऑफिसात आता फक्त पगाराच्या दिवशी निघे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्राण्यांच्या शेल्टरच्या बाई आल्या. हसल्या नाहीत, की प्रस्तावना केली नाही.

"आमच्या शेडला पत्रा आहे. उन्हाळा संपेपर्यंत एकेक कुत्रं घरी न्या, एवढंच मागतेय. काल एक कुत्री गेली. म्हातारी नव्हती, आजारी नव्हती. नुसत्या उकाड्याने गेली."

सगळे आपापल्या डब्यात बघू लागले. साहेबांनी तर डब्यात डोकंच घातलं. नामंजूररावांचा डबा संपलेला होता, त्यामुळे त्यांना संताप यायला मोकळीक होती.

"लाज नाही वाटत कुणाला?" ते उभे राहून गरजले. "एसीत बसून ढेकर देता! कुणीच नेणार नसेल तर मी नेतो!"

(हिशेब असा, की आता साहेब शरमेने उठतील आणि आपण हळूच खाली बसू. साहेब उठले खरे, पण टाळ्या वाजवायला.)

"पत्ता सांगा," बाई म्हणाल्या. "आधी घर बघायला येईन. तसं कुणाकडेही देत नाही आम्ही."

ही बातमी बायकोला सांगायचं त्यांनी रोज ठरवलं. पण बायको घरी केकच्या ऑर्डरी घ्यायची, आणि ओव्हन चालू असताना तिच्याशी बोलायचं नाही हा त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेला नियम होता. ओव्हन कायमच चालू असे. शेवटी रविवारी भर दुपारी बेल वाजली तेव्हा नामंजूरराव बाथरूममध्ये होते आणि दार बायकोने उघडलं.

"तुमच्या मिस्टरांशी बोलणं झालंय, त्यासाठीच आलेय," बाई म्हणाल्या. "कल्पना आहे ना तुम्हाला?"

"हो, या ना! अंड्याचं चालेल की बिनअंड्याचं?"

बाई जरा थबकल्या. "अंडं चालतं त्याला. उकडलेलं."

"उकडलेलं? बरं. वय किती होणार?"

"बारा तरी असेल. दात बरेच पडलेत."

"बाराव्या वर्षी? अगं बाई! मग मऊच करायला हवं. नाव काय घालू वर?"

"हेडमास्तर. मिश्या पांढऱ्या आहेत, आणि सगळ्यांकडे पेपर तपासल्यासारखा बघतो. चेहरा चपटा आहे हो, उन्हात धाप लागते त्याला. म्हणून आधी घर बघते."

बायको हातात क्रीमची सुरी घेऊन हळूहळू बाथरूमच्या दाराकडे वळली. "अहो. बाहेर या."

नामंजूरराव बाहेर आले. बायको काही बोलणार एवढ्यात बाई आत शिरल्यासुद्धा. त्यांनी बाल्कनी बघितली. वर प्लास्टिकचा पत्रा, खाली भट्टी. "नाही चालणार." बेडरूममध्ये पंखा लावला. तो आवाज सगळा करत होता, वारा मात्र देत नव्हता. "नाही." मग स्वयंपाकघर. पश्चिमेची खिडकी नामंजूररावांच्या जुन्या मासिकांच्या खोक्यांनी बंद. एक्झॉस्ट फॅनच्या जागी भोक, भोकात बोळा. बाईंनी वाकून हाताची पालथी बाजू फरशीवर ठेवली आणि चटका बसल्यासारखी उचलली.

"इथे तर अजिबातच नाही," त्या चिडून म्हणाल्या. "इथे एखाद्या जिवाला दिवसभर ठेवणं हा क्रूरपणा आहे."

बायको बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"पुन्हा म्हणा," बायको म्हणाली. "जरा मोठ्याने. यांना कमी ऐकू येतं."

"अगं, मी म्हटलं होतं ना, पंख्याचं बघतोच आहे..."

"लग्न झाल्यापासून बघताय! मी म्हणाले क्रीम वितळतंय, तुम्ही म्हणालात पाहू. मी म्हणाले मला भोवळ येते, तुम्ही म्हणालात हवामानच तसं आहे. चक्कर येऊन या ओट्यावर डोकं आपटलं माझं, तेव्हा काय म्हणालात? ओट्याला काही झालं नाही ना! आणि बाहेर जाऊन कुत्र्यांच्या उन्हाळ्यावर भाषणं!"

"ते गमतीने..."

"गप्प बसा!" हे बायको आणि बाई दोघी एकदम म्हणाल्या.

बाई दाराशी गेल्या. "मग दुसरं घर शोधते. मिळालं नाही तर बघू. परवाही त्याची शुद्ध हरपली होती."

बायकोने सुरी ओट्यावर आपटली. "दुसरं घर शोधायचं नाही. बुधवारी या. हे घर पास होणार. कसं होत नाही तेच बघते!"

मग जे झालं ते नामंजूररावांनी आयुष्यात केलं नव्हतं, म्हणजे काम. रजा टाकली. खोकी उचलली, मासिकं रद्दीत गेली. (दोन अंक ते शर्टात लपवून परत आणत होते. ते जिन्यातच जप्त झाले.) कूलर आला. खिडकीला वाळ्याचा पडदा लागला. इलेक्ट्रिशियन उद्या येतो म्हणाला तेव्हा बायकोने नुसतं बघितलं, आणि नामंजूरराव एक्झॉस्ट फॅन घेऊन स्वतःच स्टुलावर चढले.

"नीट येतं ना?"

"अगं, दोन वायरी असतात. त्यात काय नीट न येण्यासारखं आहे?"

पण घाईघाईत त्यांनी फॅनच उलटा बसवला होता. खाली ओट्यावर चाळून ठेवलेली पिठीसाखर, शेजारी कोको पावडर, आणि मधोमध संध्याकाळच्या ऑर्डरचा केक. बटण दाबताच रस्त्यावरची सगळी गरम हवा जोरात आत आली. घरात पांढरं वादळ झालं, मग तपकिरी झालं, मग स्टूल कलंडलं. नामंजूरराव केकवर बसले.

बायकोने शांतपणे दार उघडलं. ती ओरडत होती तोवर बरं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. ते केकसकट उठले, आणि तसेच भर उन्हात इलेक्ट्रिशियनला धरून आणायला गेले. वाटेत प्रत्येक भटक्या कुत्र्याने त्यांची मनापासून चौकशी केली.

बुधवारी बाईंनी पुन्हा फरशीवर हात ठेवला, आणि या वेळी तो तिथेच राहू दिला. संध्याकाळी हेडमास्तर आला. लटपटत आत शिरला, सगळ्यांचे पेपर तपासले, कूलरसमोर पोट टेकून पसरला आणि डोळे मिटले. धाप हळूहळू थांबली. बायको ओट्याशी उभी होती. अंगावर वारा आला तशी तिने मान मागे टाकली, आणि मग पदराने डोळे पुसले.

"बघ, झालं की नाही?" नामंजूरराव कौतुकाच्या अपेक्षेने पुढे झाले.

"कुत्र्यासाठी तीन दिवसांत झालं," ती म्हणाली. "मी भुंकायला हवं होतं."

त्यांनी मुकाट्याने कूलरसमोर बूड टेकलं. हेडमास्तरने एक डोळा उघडून गुरगुर केली. त्यांनी आशेने बायकोकडे बघितलं.

"नामंजूर," बायको म्हणाली आणि गादी गुंडाळून त्यांच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी बाई न सांगता तपासणीला आल्या. हेडमास्तरची जीभ गुलाबी होती, बायकोचे केक ताठ उभे होते. सगळं बघून बाई बाल्कनीत गेल्या आणि तिथूनच कडाडल्या.

"ही गादी कुणाची? इथे कोणाला ठेवताय? बजावून सांगितलं होतं ना मी!"

"छे हो!" बायको क्रीमची फुलं काढता काढता म्हणाली. "हेडमास्तर तिथे पाऊलसुद्धा टाकत नाही. तिथे हे असतात."

"अच्छा, हे होय," म्हणत बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. घर पास झालं. आणि जाता जाता त्यांनी, बहुधा सवयीनेच, वाकून गादीशेजारी पाण्याचं एक भांडं भरून ठेवलं.