वाघमहाराजांची हौस

एका जंगलात एक तळं होतं, बाळांनो. तळं सगळ्यांचं. म्हणजे वाघमहाराजांना मासेमारीचा नाद लागेपर्यंत सगळ्यांचं.

काठावर गोदी नावाची पाणमांजरीण राहायची. पदरी तीन पिल्लं, तिन्ही सदा भुकेली. बुडी मारायची, मासा पिल्लांपुढे टाकायचा, पुन्हा बुडी. याला मासेमारी म्हणतात हेसुद्धा बिचारीला ठाऊक नव्हतं.

महाराजांनी मात्र टोपी आणली, घडीची खुर्ची आणली, गळ आणला. पण पाण्यात सगळ्यांची गर्दी, मासा काही लागेना. मग दरबारात खलबतं झाली आणि नवे नियम निघाले. मासा धरायचा तो हौस म्हणून. फोटो काढून झाला की जिवंत मासा परत पाण्यात सोडायचा. आणि उपाशीपोटी कुणी तळ्याकडे फिरकायचं नाही, कारण भुकेल्याची नियत चांगली नसते.

काय ती अक्कल! पण दरबार टाळ्या पिटत होता.

घाटावर तरसाला बसवलं. तो येणाऱ्याचं पोट दाबून बघायचा. गोदीचं दाबलं तर बोटं थेट पाठीला टेकली.

"बाई, हे पोट चालायचं नाही."

"अहो, ते भरायलाच तर आलेय!"

"तेच तर चालायचं नाही."

पिल्लं रडून रडून गप्प झाली, तेव्हा गोदी घाबरली. ओढ्यावर जाऊन घटाघटा पाणी प्यायली, पिल्लांनाही पाजलं, पोटं टम्म फुगवली आणि पिल्लांना घेऊन आत शिरली. बुडी मारून चांगला थोरला रोहू वर आणला.

"वा!" महाराज खूश. फोटो निघाला. "आता सोड त्याला."

गोदी हलेना. तरसाने धाकट्या पिल्लाच्या मानेवर पंजा ठेवला. तिने मासा सोडला.

तळं मोकळं झाल्यावर महाराजांच्या गळालाही मासे लागू लागले होते, आणि तोवर त्यांनी सकाळपासून सोडलेले मासे पाण्यावर तरंगायला लागले होते. जबडे फाटलेले, फोटोसाठी उन्हात धरलेले. जगणार कसे मेले? तरसाने ते टोपलीत भरून राजवाड्याच्या मुदपाकखान्यात धाडले. नियम जिवंत माशांसाठी होता ना!

"त्यातला एक द्या हो पिल्लांना," गोदीने हात जोडले.

महाराजांना फार वाईट वाटलं. "शी! म्हणजे तू खायला आली होतीस?"

तिला हाकलून दिलं. रात्री जलचरांवरच्या प्रेमाबद्दल महाराजांचा सत्कार झाला. पंगतीला रोहूचं कालवण होतं. गोदीचं धाकटं पिल्लू सकाळी उठलं नाही.

तात्पर्य: मुक्या जिवांवर दया करावी, बाळांनो. मासा कधी मारून खाऊ नये. आधी त्याला प्रेमाने सोडून द्यावं, आणि तो आपणहून मेला की मग खावा. तेवढा वेळ ज्याला थांबवत नाही, तो क्रूर.