प्रत्येक खेळाला दोन बेघर

बेघरांच्या जीवनावर काढलेल्या चित्रपटाला करमणूक कर माफ करण्याची तरतूद नियमांत होती. परंतु अशा चित्रपटाचा लाभ खुद्द बेघरांपर्यंत पोचत नसेल तर प्रबोधनाचा हेतूच विफल होतो, हे वरच्या कुणाच्या तरी लक्षात आलं आणि नियमाला एक पोटनियम जोडण्यात आला. प्रत्येक खेळाला किमान दोन प्रत्यक्ष बेघर प्रेक्षागृहात, आसनावर, डोळे उघडे ठेवून हजर असले पाहिजेत. डोळ्यांची अट पुढे शिथिल करण्यात आली.

थिएटरच्या मॅनेजरला हा पोटनियम तोंडपाठ होता, कारण त्याचा संसारच त्यावर उभा होता. थिएटर जुनं, एकाच पडद्याचं. ते पाडून तिथे मोटारी ठेवायची इमारत उठवायला मालक कधीचा टपून बसला होता. "करमाफी आहे तोवर चालव," त्याने फोनवर सांगितलं होतं, "करमाफी गेली की थिएटर गेलं." आणि थिएटर गेलं की पडद्यामागच्या दोन खोल्या जाणार होत्या. मॅनेजर आणि त्याची बायको लग्न झाल्यापासून त्या खोल्यांत राहत होती. पडद्यावर नायिकेने हुंदका दिला की त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी फळीवर थरथरायची, आणि बायको बाहेर न येताच सांगायची, "चला, मध्यंतर झालं."

करमाफी मिळालेल्या चित्रपटाचं नाव होतं 'आभाळ पांघरलेली दोघं'. नायक फुटपाथवर राहायचा, नायिका पुलाखाली. दोघांचीही नखं अतिशय स्वच्छ होती. दोघं गाणी म्हणायची, उपाशी झोपायची, पुन्हा गाणी म्हणायची आणि शेवटी त्यांना एक खोली मिळायची. नायिका आत शिरून दाराला आतून कडी लावायची. कडीचा आवाज झाला की सिनेमा संपायचा आणि सगळ्या प्रेक्षागृहात रुमाल बाहेर यायचे. मॅनेजर मशीनच्या खोलीतल्या काचेतून हे दृश्य रोज पाहायचा आणि रोज रडायचा. ते रडणं खरं होतं, उगाच त्याच्यावर संशय नको.

दोन बेघर आणण्याचं काम त्याने बॅटरीवाल्याकडे दिलं. हा अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवायचा, त्यामुळे माणूस जागेवर नेऊन बसवण्यात त्याचा हातखंडा होता. त्याने पोस्टाच्या पायऱ्यांवरून एका गृहस्थांना आणलं. ते बारा महिने अंगात कोट घालत, म्हणून त्यांना सगळे कोटवाले म्हणायचे. पुलाखालून त्याने एका बाईला आणलं. तिला मावशी म्हणायचे. तिच्याकडे एक गाठोडं होतं आणि ते ती कुणाच्या बापाला हात लावू देत नसे.

करमणूक कर निरीक्षक येऊन दोघांची तपासणी करून गेले.

"बेघर असल्याचा पुरावा?" त्यांनी विचारलं.

"आता घर नाही याचा काय पुरावा देणार, साहेब?" कोटवाले म्हणाले.

निरीक्षक चोख माणूस होते. ते दोन वेगवेगळ्या दिवशी दोघांच्या घरी गेले, घर कुठेही आढळलं नाही, आणि त्यांनी तसा दाखला दिला.

के रांगेतली अकरा नंबरची खुर्ची कोटवाल्यांना आणि पार दुसऱ्या टोकाची मावशीला मिळाली. पहिले काही दिवस दोघं झोपली. झोप पुरी झाल्यावर त्यांनी सिनेमा पाहिला. नायिका गाणं म्हणायला पुलावर धावत सुटली तेव्हा मावशी भर अंधारात मोठ्याने बोलली, "अगं बये, निघालीस कुठे? तुझं गाठोडं कोण बघतंय?"

प्रेक्षागृहात शुकशुक झाली. मग के रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून कोटवाल्यांचा आवाज आला, "मी बघतो."

दुसऱ्या दिवशी मावशी बारा नंबरवर येऊन बसली. तिसऱ्या दिवशी बॅटरीवाला धापा टाकत मॅनेजरकडे आला. "साहेब, मावशी मोरीकडे गेली आणि जाताना गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवून गेली!"

"मग?"

"मग काय साहेब! माझी बायको मला पर्समध्ये हात घालू देत नाही."

मॅनेजरला त्यात विशेष काही दिसलं नाही. त्याला दिसत होत्या त्या तक्रारी. समाजाविषयी कळकळ असलेले लोक लांबून लांबून सिनेमाला येत होते आणि मध्यंतरात त्याच्या टेबलाभोवती गर्दी करत होते. के रांगेतून वास येतो. के रांगेतली माणसं करुण प्रसंगी हसतात. एक बाई तर फारच दुखावल्या होत्या. "आम्ही त्यांच्यासाठी रडतोय आणि ते शेंगदाणे खातायत!"

मॅनेजरने दोघांना साबण दिला, आंघोळ घडवली, बायकोकडून धुतलेले कपडे दिले. लगेच निरीक्षकांनी हरकत घेतली. सदर इसम बेघर वाटत नाहीत. मग बॅटरीवाल्याने दोघांच्या कपड्यांवर चहा शिंपडून त्यांना पूर्ववत केलं.

सिनेमा तुफान चालला. खुद्द नगराध्यक्ष सहकुटुंब पाहायला आले, कडीच्या आवाजाला ढसाढसा रडले आणि बाहेर पडताना जाहीर करून गेले की या शहरात यापुढे एकही बेघर दिसणार नाही. माणूस शब्दाला जागणारा. दुसऱ्याच दिवशी दुपारी ट्रक फिरले आणि फुटपाथ, पूल, पायऱ्या, सगळीकडची माणसं उचलून हद्दीबाहेर सोडण्यात आली. कोटवाले आणि मावशी तेवढी वाचली, कारण ती त्या वेळी आपल्यावरचा सिनेमा पाहत होती. अशा रीतीने ती शहरातली शेवटची दाखलाधारक बेघर ठरली.

आणि नेमकं तेव्हाच त्यांनी लग्न करायचं ठरवलं.

दोघं मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहिली. कोटवाल्यांनी कोटाची सगळी बटणं लावली होती. होती तेवढी.

"मॅनेजरसाहेब, बेघर जोडप्यांना खोली द्यायची योजना आहे म्हणे," ते म्हणाले. "एकेकट्याला देत नाहीत. बायांचा हॉल वेगळा, बाप्यांचा वेगळा. जोडप्याला मात्र खोली. रोज बघणाऱ्या माणसाचा जबाब लागतो. आम्हाला रोज बघणारे तुम्हीच."

"मोठी नको हो," मावशी म्हणाली. "आतून कडी लागली पाहिजे, बास. जन्मात एकदा गाठोडं डोक्याखाली न घेता झोपायचंय."

मॅनेजरने मनातल्या मनात बोटं मोजली. जोडप्याला खोली म्हणजे शहरात बेघर शून्य. बेघर शून्य म्हणजे करमाफी बंद. पुढचं गणित त्याला येत होतं. तो "बघू, बघू" म्हणाला, दोघांना चहा पाजला आणि जेवायला घरात गेला.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मावशीबद्दल तिला खरोखरच माया होती. आपलं जुनं लुगडं तिने स्वतःच्या हाताने दिलं होतं. "अहो, पण म्हणून खोटं बोलू नका हं," ती म्हणाली. "गरिबाचे तळतळाट नकोत. जे खरं आहे तेच सांगा." आणि पानात भात वाढता वाढता म्हणाली, "फक्त सगळं सांगा."

खोल्यांची योजनाही निरीक्षकांकडेच होती. सकाळी करमणूक कर, आणि दुपारी, अतिरिक्त कार्यभार म्हणून, निवारा. टेबलं दोन होती. दुपारचं खिडकीशी होतं.

"अर्जदार दिवसाचे कुठे असतात?"

"आमच्याकडे, साहेब. पहिल्या खेळापासून शेवटच्या खेळापर्यंत."

"डोक्यावर छप्पर?"

"आहे. पक्कं."

"पाणी? संडास?"

"दोन्ही. संडास तर बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा."

"बसायला?"

"गादीची खुर्ची. डोक्यावर पंखा. मध्यंतरात चहा. शिवाय करमणूक."

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "एवढं तर माझ्या घरीही नाही. आणि रात्रीचे?"

"रात्रीचे बाहेर जातात," मॅनेजर अगदी बारीक आवाजात म्हणाला. एवढं बोलला, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

"रात्री काय, घरदारवालेही बाहेर जातात," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी निर्णय लिहिला. अर्जदार हे चित्रपटगृहातील के रांग, आसन अकरा व बारा येथील रहिवासी असल्याने बेघर या व्याख्येत बसत नाहीत. सबब अर्ज नामंजूर.

मॅनेजरने परत येऊन दोघांना सांगितलं की वरच्या लोकांनी नाही म्हटलं. कोटवाल्यांनी एकेक करून बटणं सोडली. संध्याकाळच्या खेळाला दोघं आपापल्या जागेवर होती आणि गाठोडं कोटवाल्यांच्या मांडीवरच होतं. कडीचा आवाज झाला तेव्हा मॅनेजर काचेमागे रोजच्यासारखा रडला. खरं सांगायचं तर रोजच्यापेक्षा जरा जास्तच.

निर्णयाची एक प्रत नियमानुसार करमणूक कराच्या टेबलावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षकांनी आपणच पाठवलेलं पत्र उघडलं आणि ते हबकले. ज्यांच्या नावावर करमाफी चालू होती ते मुळात बेघर नव्हतेच! त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे लेखी खुलासा मागितला. दुपारी तिकडे जाऊन तो दिला. परत सकाळी तो वाचला आणि समाधानकारक वाटल्यामुळे करमाफी पूर्वलक्षी प्रभावाने रद्द केली.

मालकाने फोनवर फार वेळ घेतला नाही. थिएटर पाडायची परवानगी त्याच्या खिशात तयारच होती.

मात्र इमारत पाडायची तर आतल्या रहिवाशांना आधी पर्यायी जागा द्यावी लागते. निरीक्षकांनी नोंदी तपासल्या. त्या इमारतीत रहिवासी म्हणून दोघांचीच नोंद होती. के अकरा आणि के बारा. विस्थापित म्हणून त्यांना ताबडतोब एक खोली देण्यात आली. आतून कडी असलेली.

मॅनेजर खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन आदळला. "साहेब, आणि आम्ही? लग्न झाल्यापासून राहतोय तिथे! पडद्यामागे दोन खोल्या आहेत आमच्या!"

"तुम्ही कर्मचारी. कामाच्या ठिकाणी थांबलेले," निरीक्षक म्हणाले. "थांबणं म्हणजे राहणं नव्हे."

"मग आम्ही जायचं कुठे?"

निरीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आपुलकी उमटली. "असं करा, उद्या सकाळी या. त्या टेबलावर तुमची सोय होण्यासारखी आहे."

खोल्या रिकाम्या करायच्या दिवशी मॅनेजर आणि त्याची बायको थिएटरच्या पायऱ्यांवर सामान घेऊन बसली होती. दोन ट्रंका, वळकटी, भांड्यांची पिशवी. कोटवाले आणि मावशी किल्ली घेऊन निघाली होती. मॅनेजरला वर बघवेना, पण गरजच तशी होती.

"मावशी," तो म्हणाला, "आम्ही जागा शोधून येईपर्यंत हे सामान तुमच्या खोलीत..."

"परक्याचं सामान ठेवलं तर खोली जाते," कोटवाले म्हणाले. "तसं लिहून घेतलंय आमच्याकडून."

मावशीने एकदा ट्रंकांकडे पाहिलं, एकदा मॅनेजरच्या बायकोकडे. मग गाठोडं खाली ठेवून ती पायरीवर बसली. "खोलीत नाही ठेवता येत. इथे बसून बघते मी. तुम्ही दोघं जाऊन या."

मॅनेजरला त्या वेळी रडू यायला हवं होतं. पण समोर पडदा नव्हता, त्यामुळे असेल, नाही आलं.

जागा मिळाली नाही. सिनेमा मात्र चालूच राहिला. तो शहरातल्या नव्या गारगार थिएटरात हलवण्यात आला आणि करमाफी पुन्हा लागू झाली, कारण दाखलाधारक बेघर आता उपलब्ध झाले होते. निरीक्षक दोन वेगवेगळ्या दिवशी मॅनेजरच्या घरी जाऊन आले. घर कुठेही आढळलं नाही.

तर आता मॅनेजर आणि त्याची बायको रोज तिथे बसतात. पहिल्या दिवशी मध्यंतरानंतर बायकोने भांड्यांची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "मी आलेच जाऊन. नीट बघा हो," ती म्हणाली आणि अंधारात गेली. त्याने पिशवीला दोन्ही हातांनी मिठी मारली. पडद्यावर नायिका गाणं म्हणायला पुलावर धावत सुटली होती. हे दृश्य त्याने इतक्यांदा पाहिलं होतं, काचेतून, रुमाल हातात धरून. आज पहिल्यांदा त्याला पुलाखालचं ते गाठोडं दिसलं. एकटंच पडलेलं.

"अगं बये," तो एकदम ओरडला, "तुझं गाठोडं कोण बघतंय?"

मागून "शुक्" झालं. मग कुणीतरी हलक्या आवाजात तिथल्या बॅटरीवाल्याला हाक मारून, या माणसाला जरा लांब बसवता येईल का, असं सभ्यपणे विचारलं. मॅनेजरने मान वळवली.

मागच्या रांगेत तुम्ही होतात. तुमच्या हातात रुमाल होता. तो तुम्ही डोळ्यांना लावला होता की नाकाला, ते अंधारात त्याला नीट दिसलं नाही.