भोयर उजवीकडे वळत नाहीत

भोयरकाकांनी मला फसवलं. माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे, पोस्टातून निवृत्त झालेले, सायकलवाले भोयरकाका. सदरच्या बाजारात मी भांड्यांचं दुकान कोणाच्याही मदतीशिवाय उभं केलं. गिऱ्हाइकाच्या चपलेवरून मी त्याचा शेवटचा भाव ओळखतो. आणि मला या माणसाने भर चौकात फसवलं.

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला सायकलवर बसवलं. भोयर आपणहून गुरू झाले, रोज सकाळी दुकानापर्यंत सोबत यायला लागले. पहिल्याच दिवशी हुकूम सुटला, "शेठ, उजवीकडं वळणं म्हणजे यमाले मिस कॉल देणं. आपण फक्त डावीकडं वळाचं." म्हणजे उजवीकडे जायचं असेल तर चौक सरळ ओलांडायचा, मग तीनदा डावीकडे वळून, अख्ख्या वस्तीला प्रदक्षिणा घालून, पुन्हा त्याच चौकात येऊन सरळ निघायचं. माझे गुडघे रडायचे. भोयर मात्र शेजारून नातीच्या दातांचं, जुन्या साहेबांचं, कालच्या वांग्याच्या भाजीचं सांगत असायचे.

डावीकडे वळतानाही थाट असा, की हात खांद्यापासून सरळ लांब. एकदा तो हात पाहून ऑटोवाला थांबला. "बसा काका, सायकल मागं बांधू." दुसरा नियम, "ड्रायव्हरच्या डोळ्यात पाहाचं. नजर मिळाली तरच पायडल." एका बसवाल्याकडे ते इतका वेळ रोखून बघत राहिले, की तो खिडकीतून ओरडला, "काय पाहून राहिले गा काका? पोरगी द्याची हाय का मले?"

मी सगळं सोसलं. जिवाचा प्रश्न होता.

मग एका सकाळी मला लग्नासाठी काटोलला जायचं होतं. बस गाठायला ऑटोने निघालो, तर चौकात भोयर. एकटे. मान वळवून मागे पाहिलं, उजवा हात दाखवला, अलगद रस्त्याच्या मध्याला आले, समोरची गाडी जाऊ दिली आणि वळले. उजवीकडे! रस्ता वडिलांनी नावावर करून दिल्यासारखे.

परत आल्यावर जिन्यातच गाठलं. "काहून फसवलं मले?"

मला वाटलं, सारवासारव करतील. ते सायकलची किल्ली बोटात फिरवत म्हणाले, "उजवीकडून गेलं का तुमचं दुकान लवकर येते न, शेठ. तुम्ही शटर उघडता."

"मंग?"

"मंग मी घरी वापस येतो."

 

वर भोयरांच्या घरात मुलगा, सून, नात. भरलेलं घर. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाला गेटवर धरलं. "बापाशी बोलत असतो का रे कधी?"

"रोज बोलतो न काका. पाण्याची मोटर बंद करा म्हणून रोज सांगतो."

सध्या आम्ही डावीकडूनच जातो. पण माझ्या गुडघ्यांचं काय? जे बोलणं या पोराने जेवताना ऐकायचं, ते मी भर उन्हात, वस्तीला फेरे घालत ऐकतो. काय म्हणून? याचा जाब मला भोयरांकडून नको. भोयरांच्या पोरा, तुझ्याकडून पाहिजे. आज संध्याकाळी खाली माझ्याकडे ये आणि बोल.