रविवारचं तेलपाणी

दर रविवारी सकाळी नऊ वाजता जावईबापूंचा फोन वाजे आणि ते अंथरुणातूनच खोटं बोलत.

पलीकडे सासरे असत. त्यांची चौतीस वर्षं पाण्याच्या पंपावर दर तासाला काटे बघून आकडे कळवण्यात गेलेली. निवृत्त झाले तरी सवय सुटली नव्हती. आपली जुनी गाडी त्यांनी लेकीच्या घरी दिली ती एकाच अटीवर: दर रविवारी बॉनेट उघडून तेलपाणी बघायचं.

"तेल?" सासरे विचारत.

"बरोबर आहे."

"रेडिएटरचं पाणी?"

"भरलेलं."

"बॅटरी?"

"टोकं पुसून घेतली," जावईबापू कूस बदलत सांगत.

असे आठ महिने गेले. त्या वेळी बायको बाजारात गेलेली असे. जावईबापू पेशाने मुद्रितशोधक. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका काढून त्यांचा जीव मेटाकुटीला येई, त्यात सुट्टीच्या दिवशी गाडीत डोकं कोण घालणार? शिवाय गाडी मजेत चालत होती. चालत्या गाडीचं बॉनेट उघडणं म्हणजे झोपलेल्या माणसाला उठवून झोप लागली का विचारणं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. अडचण होती ती बायकोची. "आमच्या ह्यांना बाकी काही जमत नसेल, पण हे कधी खोटं बोलत नाहीत," असं ती चारचौघांत सांगे. बावीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं केलेलं हे एकमेव कौतुक होतं आणि जावईबापू ते जिवापाड जपत.

त्या रविवारी अहवाल संपल्यावर सासऱ्यांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दोन महिने वाकायचं नाही म्हणालेत. आज पाच वाजता येतो. एकदा दोघं मिळून बॉनेट उघडून बघू."

जावईबापूंना दुपारचं जेवण गेलं नाही. चार वाजता "जरा गाडी पुसून येतो" असं बायकोला सांगून, म्हणजे आणखी एक खोटं बोलून, ते खाली उतरले.

स्टिअरिंगखाली तीन खटके होते. पहिला ओढल्यावर मागची डिकी उघडली. दुसऱ्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. तिसऱ्यावर बॉनेटचं चित्र होतं, पण चष्मा घरी राहिल्यामुळे ते शेवटी दिसलं. तो ओढला तर काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. खटका नुसताच ढिला पुढेमागे होत होता. मग जावईबापूंनी दात-ओठ खाऊन जोर लावला आणि खटका मुळासकट हातात आला.

ते तसेच सीटवर बसून राहिले. आठ महिने हात लावला नाही म्हणून आत गंजून बसलं, दुसरं काय. इंजिनाचा कोळसा झाला असेल. सासऱ्यांनी ही गाडी लेकीसारखी वाढवली होती, आणि लेकीपेक्षा तिला जास्त वेळा न्हाऊ घातलं होतं. जावईबापूंना रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात तळमजल्यावरचा टेलर बाहेर आला. त्याच्या मागोमाग शेजारचे निवृत्त कंपाउंडर आले.

"काय हो, उघडत नाही?" कंपाउंडरांनी विचारलं. "तुम्ही तर दर रविवारी उघडता म्हणे."

"आज जरा जाम झालंय."

"मागच्या रविवारी उघडलं होतं?"

"उघडलं होतं ना," जावईबापू म्हणाले. आता मागे फिरायची सोय नव्हती.

मग उपाय सुरू झाले. टेलर बॉनेटवर पालथा पडून दाबत राहिला आणि कंपाउंडर पकडीने खटक्याचा उरलेला तुकडा ओढत राहिले. त्यांचं कोपर लागून हॉर्न वाजला तेवढाच. टेलरने कपडे मापायची लोखंडी पट्टी पुढच्या जाळीतून आत घालून कडी चाचपली. पट्टी हातातून सुटली आणि आत जाऊन पडली.

"माझी पट्टी," टेलर म्हणाला. "उद्या चार पँटी द्यायच्यात मला."

हा नवा अपराध डोक्यावर नको म्हणून जावईबापूंनी जाळीत हात घातला. मनगटापर्यंत सहज गेला. पट्टी बोटाला लागली. पण बाहेर येताना घड्याळाचा पट्टा कुठेतरी अडकला आणि हात मागेही येईना आणि पुढेही जाईना.

"साबण लावू," कंपाउंडर म्हणाले. "वहिनींकडून आणतो."

"नको, वहिनींना नको," असं जावईबापू म्हणेपर्यंत कंपाउंडर जिना चढून गेलेसुद्धा.

बायको साबणाची वडी घेऊन धावत खाली आली आणि फाटकातून सासरेही आत आले. ते नेहमीच पंधरा मिनिटं आधी येत. जावईबापू गाडीपुढे गुडघे टेकून, एक हात गाडीला देऊन बसले होते.

"अहो, तुम्ही दर रविवारी उघडता ना?" बायको गोंधळून म्हणाली. "मग हात कसा अडकला?"

सासऱ्यांनी साबण घेतला, दोन बोटं जाळीत घालून घड्याळ सोडवलं आणि जावयाचा हात मोकळा केला. मग खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढून जाळीच्या डाव्या कोपऱ्यात घातला आणि मनगट फिरवलं. बॉनेट पेटीच्या झाकणासारखं उघडलं.

आत सगळं लख्ख होतं. कोळसा नाही, गंज नाही. सासऱ्यांनी तेल मोजायची पट्टी उपसली. तेल खुणेवर होतं. पाणी भरलेलं होतं. जावईबापूंना हायसं वाटलं. म्हणजे आठ महिने आपण जे बोललो ते खरंच निघालं की.

"ही बघा, बॉनेटची केबल तुटलेली आहे," सासरे म्हणाले.

"आत्ता जरा जोरात ओढली गेली, त्यामुळे..."

"नाही हो. गाडी तुम्हाला द्यायच्या आदल्या दिवशीच तुटली. तेव्हापासून खटक्याने बॉनेट उघडतच नाही. गडबडीत सांगायचं राहिलं. पहिल्या रविवारी तेच सांगायला फोन केला होता. नुसतं तेल म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, बरोबर आहे."

टेलरने आपली पट्टी उचलली आणि तो मान खाली घालून निघून गेला. कंपाउंडर मात्र हलले नाहीत.

"म्हटलं, दुसऱ्या रविवारी सांगतील. मग तिसऱ्या," सासरे शांतपणे म्हणाले. "महिन्यातून एकदा जेवायला येतो, तुम्ही आडवे झालात की खाली येऊन मीच बघून जातो. पण तुम्ही इतकं मनापासून सांगायचात, की एकदा मलाच वाटलं, केबल जोडली की काय यांनी."

"चुकलो मी," जावईबापू म्हणाले. हे त्या दिवशीचं त्यांचं पहिलं खरं वाक्य होतं. बायकोने साबणाची वडी उचलली आणि ती चहा टाकायला वर गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

वर चहा झाला. मग बायकोने अगदी सहज विचारलं, "बीपीची गोळी घेतली सकाळी?"

"घेतली."

"रोज घेता?"

"अगं, रोज घेतो."

आणि ते खरं होतं. एकही दिवस चुकवला नव्हता. बायकोने वडिलांकडे पाहिलं. सासरे कप खाली ठेवून म्हणाले, "पाकीट आण बघू."

दोघांनी मिळून गोळ्या मोजल्या. कॅलेंडर काढून तारखा मोजल्या. पुन्हा गोळ्या मोजल्या. जितक्या उरायला हव्या होत्या तितक्याच उरल्या होत्या. जावईबापूंचा जीव भांड्यात पडला.

बायकोने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"बेसिनमध्ये टाकत असतील, बाबा."