मलमकाकांची पाटी

सोमवारी सकाळी मलमकाकांच्या उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढा जांभळट गोल डाग उमटला होता. तो त्यांच्या बायकोने आधी पाहिला. मलमकाकांना स्वतःच्या अंगाकडे बघायची सवय नव्हती. हॉस्पिटलभरच्या लोकांच्या कातडीची काळजी वाहण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती.

"हे काय झालंय हाताला?"

"काही नाही. कुठेतरी घासलं असेल."

"घासलेलं असं वाटोळं नसतं. नायटा आहे तो. आणलात कुणाचा तरी."

"मी पेशंटला हात लावत नाही. मलमाला लावतो."

"मग मलमातून आला असेल," बायको म्हणाली आणि उठली. पाच मिनिटांत टॉवेल, साबण, कप आणि उशी वेगळी झाली. एवढी झटपट वाटणी त्या घरात कधीच झाली नव्हती. ते दारातून निघताना मात्र तिने नेमाने विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"काल रात्रीच्या गोळीने बरा आहे."

"दुपारचीही ठेवलीय डब्यात. विसरू नका."

तर मलमकाका कामावर निघाले. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाईखान्याच्या शेजारी, त्यांची खोली होती. बाजारात तयार मिळत नाहीत किंवा मिळतात ती सोसत नाहीत, अशी मलमं तिथे बनत. जाड काचेच्या लादीवर मेण, व्हॅसलीन आणि औषधाची पूड लवचिक पात्याने घोटायची, डब्यांत भरायची, लेबल लावायचं. औषधं बाधून ज्यांचं अंग भाजल्यासारखं सोलून निघतं, अशा पेशंटना लावायला वासाचा टिपूसही नसलेलं एक साधं पांढरं मलम लागायचं. ते फक्त इथे बनायचं. मलमकाकांना दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक ते मलम आणि दुसरी दारावरची पाटी.

पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती. पांढऱ्यावर तांबडी अक्षरं: 'हाताला जखम, पुरळ किंवा खाज असलेल्या व्यक्तीने या ठिकाणी थांबू नये. कोणालाही सवलत नाही.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. या दोन रेघांच्या जोरावर त्यांनी मांजराने ओरखडलेल्या हेडसिस्टरला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन खोली दाखवायला आले, तेव्हा साहेबांच्या बोटाला कागद कापल्याची इवलीशी पट्टी होती. मलमकाकांनी पाहुण्यांना आत घेतलं आणि साहेबांना बाहेर बाकावर बसवलं. साहेब तेव्हा हसले होते. साहेब लोक हसले की आपण घाबरायचं असतं, हे मलमकाकांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून साहेबांच्या डोक्यात ती खोली बंद करण्याचं घोळत होतं. "तयार ट्यूबा मागवल्या की झालं, कशाला हवी ही घोटाघोट," असं ते प्रत्येक बैठकीत म्हणत. कातडीच्या डॉक्टरीणबाई दरवेळी भांडून खोली वाचवत. अखेर असं ठरलं, की शुक्रवारी वरून तपासणीला माणसं येतील. त्यांनी चांगलं म्हटलं तर खोली राहील, नाही तर कुलूप. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती लादीसमोर उभं राहून जावीत, एवढीच मलमकाकांची इच्छा होती.

आणि अशा आठवड्यात हाताला डाग.

सरळ वर जाऊन डॉक्टरीणबाईंना हात दाखवायचा, हा एक मार्ग होता. पण वर गेलं की नोंद होते, नोंद साहेबांकडे जाते, आणि खोलीत काम करणारा दुसरा कुणी नाही. माणूस बाहेर तर खोली बंद. मलमकाकांनी पाटीकडे न बघता दार उघडलं आणि हातमोजे चढवले. कामाच्या वेळी ते तसेही घालतच. फक्त त्या दिवशी ते काढले नाहीत. चहा मोज्यांनी, डबा मोज्यांनी, सहीसुद्धा मोज्यांनी. जेवण झाल्यावर त्यांनी दुपारची गोळी घेतली.

संध्याकाळी डाग चुरचुरायला लागला. मलमकाकांनी त्यावर नायट्याचं मलम लावलं. स्वतः बनवलेलं होतं, त्यामुळे विश्वास पूर्ण होता. मंगळवारी डाग दीडपट झाला. काळजीने ते दिवसभर खोलीत येरझाऱ्या घालत राहिले, त्याने गुडघा सुजला, बायकोने एकाच्या दोन गोळ्या केल्या, आणि बुधवारी सकाळी खालच्या ओठावर तसाच दुसरा गोल उमटला.

"आता तोंडापर्यंत गेलं," बायको म्हणाली. तिने त्यांचं ताटही वेगळं केलं.

हाताला मोजा असतो, ओठाला नसतो. मलमकाकांनी मास्क लावला. मोजे आणि मास्क लावून ते खोलीत काम करत होते तोवर ठीक होतं. पण त्याच अवतारात ते कॅन्टीनमध्ये गेले, जिन्यात गेले, हजेरीला गेले. कॅन्टीनच्या बाईने चहा पुढे केला, तो त्यांनी मास्क न काढता हातात धरला आणि निवल्यावर तसाच परत ठेवला.

"काका, काही साथ आलीय का?" तिने विचारलं.

"छे, छे. कसली साथ?"

"मग एवढं बांधून?"

"स्वच्छता," मलमकाका म्हणाले.

अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने मोजे खोलीच्या उंबऱ्याच्या आत काढून ठेवले, तो आज चहाला ते घालून येतो, हे कळायला कुणाला डॉक्टर व्हावं लागत नाही. चोराच्या मनात चांदणं असतं आणि ते बाहेरूनही दिसतं. कॅन्टीनची बाई वॉर्डातल्या सिस्टरला म्हणाली, मलमखोलीत काहीतरी झालंय. सिस्टर दुसरीला म्हणाली, मलमात काहीतरी झालंय. गुरुवारी सकाळी एका पेशंटने हाताला नवीन फोड आल्याची तक्रार केली. त्याला ते चार दिवसांपूर्वीच आले होते, पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. दुपारपर्यंत तीन वॉर्डांनी मलमाच्या डब्या न उघडता परत पाठवल्या. हेडसिस्टर स्वतः ट्रे घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आत ये ना," मलमकाका म्हणाले.

"नको बाई. माझं मांजर अजून आहे," असं म्हणून तिने ट्रे जमिनीवर ठेवला आणि गेली.

एकशे चौदा डब्या. मलमकाकांनी त्या कपाटात रचून ठेवल्या आणि जेवणाच्या डब्यातली गोळी घेतली, कारण वाकण्याउठण्याने गुडघ्याची वाट लागली होती.

शुक्रवारी तपासणीची दोन माणसं आली. एक लिहिणारा, एक बघणारा. साहेब मागे. मलमकाकांनी खोली अशी ठेवली होती की लादीत तोंड दिसावं. बघणाऱ्याने वजनकाटा पाहिला, वह्या पाहिल्या, लेबलं पाहिली. एका डबीतलं पांढरं मलम बोटावर घेऊन चोळलं, हुंगलं आणि मान डोलावली.

"उत्तम. अशी खोली आता बघायला मिळत नाही," तो म्हणाला.

साहेबांचा चेहरा पडला. मलमकाकांचा मास्कच्या आत फुलला. ओठ ताणला गेल्यामुळे ठणकला, पण त्याची त्यांना पर्वा नव्हती.

"झालं मग," बघणारा म्हणाला. "आता शेवटचं. हात धुण्याची पद्धत करून दाखवा."

हे यादीतच होतं. इतकंच नाही, हात धुण्याच्या सात पायऱ्यांचा हॉस्पिटलभर चिकटवलेला कागद मलमकाकांनीच लिहिला होता. पहिली पायरी होती, मोजे काढणे.

"मोज्यांवरून दाखवू का?" त्यांनी विचारलं.

"मोज्यांवरून कसे धुणार?" लिहिणारा म्हणाला आणि त्याने लिहायचं थांबवलं.

"काढा की," साहेब मागून गोड आवाजात म्हणाले. "आपल्याकडे कोणालाही सवलत नाही ना?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मोजा निघाला. पाच दिवस घामात शिजलेला डाग आता काळाजांभळा, फुगलेला, मधे फोड आलेला दिसत होता. बघणाऱ्याने जे बोट मलमात घातलं होतं ते अंगापासून लांब धरलं. मग मास्क काढायला सांगितलं, आणि ओठ बघितल्यावर दोघं बाहेर गेले. साहेबांनी बाहेर उभं राहून पाटी सावकाश, मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "पाटी चांगली आहे हो तुमची." दुपारी खोलीला कुलूप लागलं. एकशे चौदा डब्या आणि ताज्या केलेल्या सगळ्या मलमाची भट्टीत विल्हेवाट लावायचा हुकूम निघाला, आणि मलमकाकांना कातडीच्या विभागात पाठवण्यात आलं.

डॉक्टरीणबाईंनी मोजा न घालता त्यांचा हात हातात घेतला. पाच दिवसांत त्या हाताला कुणी शिवलं नव्हतं. मलमकाकांना एकदम रडू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

"काका, हे पहिल्यांदाच झालंय?"

"नाही. उन्हाळ्यात झालं होतं थोडं. आपोआप गेलं."

"कुठे?"

"इथेच."

"आणि तेव्हाही असंच लंगडत होतात? गुडघ्याची गोळी चालू होती?"

मलमकाकांचा डावा हात गुडघ्यावर गेला. औषध देताना प्रत्येक पेशंटला 'आधी कुठली गोळी बाधली होती का' असं विचारायचं, हा नियमही त्यांनीच औषधांच्या खिडकीवरच्या नव्या माणसांना शिकवला होता.

"गोळीची अ‍ॅलर्जी आहे ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही लोकांना असं होतं. गोळी पोटात गेली की ठरलेल्या जागी डाग उठतो, दरवेळी तिथेच. फार घेतली की नवीन जागा धरतो. नायटा नाही, लागण नाही, कुणाला काही होणार नाही. सोमवारी आला असतात तर दोन मिनिटांत सांगितलं असतं."

"सोमवारी," मलमकाका म्हणाले.

"ती गोळी आजपासून बंद. आणि तुमचं ते साधं पांढरं मलम लावा. बाजारातली ट्यूब लावू नका, त्यातल्या वासाने आणखी चिडेल." त्यांनी दोन कागद लिहिले, एक औषधाचा आणि एक 'लागण नाही' असा. मग त्या जरा थांबल्या. "काका, माझ्या वॉर्डात एक बाई आहे, पाठ सगळी सोलवटलीय. सकाळपासून मलम मागतेय, कुणी देत नाही. खोली कधी उघडताय?"

मलमकाका गुडघा विसरून तीन मजले चढले. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"अभिनंदन," ते म्हणाले. "मला बरं वाटलं."

"मग साहेब, खोली उघडायची ना? वॉर्डात एक बाई..."

"हा कागद तुमच्या हाताचा आहे. खोलीचा अहवाल वेगळा. तो दुपारीच वर गेला."

"पण लागण नव्हतीच."

"ते आता कळलं. अहवाल आधीचा आहे." साहेबांनी कागद व्यवस्थित घडी करून परत दिला. "तयार ट्यूबा मागवल्यात. त्या बाईलाही मिळेल. तुम्ही सोमवारपासून भांडारात बसा, पट्ट्या मोजायच्या. बसून काम, गुडघ्यालाही बरं. आणि हो, तुमची पाटी फेकू दिली नाही मी. चांगल्या जागी लावायला सांगितलीय."

घरी त्यांनी बायकोला 'लागण नाही'चा कागद दाखवला. ती बराच वेळ तो वाचत राहिली. गोळ्या तिने दिल्या होत्या, हे तिला कागदावर न लिहिताही कळलं. तिने उठून गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली, वेगळं केलेलं ताट परत रॅकवर लावलं आणि म्हणाली, "मला काय माहीत. औषधातलं तुम्हाला कळतं, असं सगळे म्हणायचे."

सोमवारी सकाळी भांडारात जायच्या आधी मलमकाका औषधांच्या खिडकीवर गेले. कातडीच्या विभागाची खिडकी वेगळी होती, आणि तिच्या आतल्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, साध्या मलमाच्या सहा डब्या असणार हे त्यांना माहीत होतं. महिन्यापूर्वी त्यांनीच भरून दिल्या होत्या. भट्टीत गेलं ते ताजं. यांची कुणाला आठवण राहिली नसावी. एक हाताला लावायची, उरलेल्या पाच डॉक्टरीणबाईंच्या वॉर्डात पोचवायच्या, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. रांगेत अकरा माणसं होती. पाऊण तासाने त्यांची पाळी आली. खिडकीत नवीन बाई होती.

"हे मलम येत नाही आता," ती चिठ्ठी बघून म्हणाली. "बनवणाऱ्यालाच कसलातरी रोग झाला होता म्हणे. ट्यूब देऊ?"

"ट्यूब चालत नाही मला. खालच्या खणात बघा, सहा डब्या असतील."

"तुम्हाला काय माहीत खालच्या खणात काय आहे?" तिने विचारलं, आणि चिठ्ठी परत देताना तिची नजर त्यांच्या हातावर गेली. तिने हात मागे घेतला. "अहो, हे काय? हे घेऊन तुम्ही रांगेत उभे राहिलात?"

"लागण नाही ही. माझ्याकडे कागद आहे."

"कागद नका दाखवू. वरची पाटी वाचता येत नाही का?"

मलमकाकांनी वर पाहिलं. खिडकीच्या वर, दोन नव्या खिळ्यांवर, पांढऱ्यावर तांबडी अक्षरं होती. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

"येते," ते म्हणाले.

ते बाजूला झाले. वळून बघतात तर मागची सगळी रांग खिडकीकडे तोंड करून उभी होती. त्या रांगेत खाज, पुरळ आणि जखमेशिवाय दुसऱ्या कशासाठी कुणी येतच नव्हतं, आणि झाडून सगळ्यांनी हात कुठेतरी लपवले होते. कुणी पिशवीमागे, कुणी काखेत, कुणी पाठीशी.

मलमकाकांनी उजवा हात खिशात घातला आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहिले.