तायडे सर आणि वाटीभर लायसिन

आमच्या कॉलनीत जेवायला बसण्याआधी लोक दाराला कडी लावतात. चोरांची भीती नाही, तायडे सरांची आहे. भाकरीचा पहिला घास मोडायला आणि सरांची चप्पल अंगणात वाजायला नेमकी एकच गाठ पडते. सर आत येतात, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात, ताटात डोकावतात आणि विचारतात, "लायसिन कुठं हाये?"

नवख्या माणसाला वाटतं, सरांचं मांजर हरवलं. म्हणून आधीच सांगून ठेवतो. तायडे सर मलकापुरात कॉलेजमध्ये रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मलाही त्यांनीच शिकवलं, आणि मी कापडाचं दुकान टाकलं, यावरून काय ते ओळखा. तरी एवढं डोक्यात राहिलं की लायसिन हे एक अमिनो आम्ल आहे आणि अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. यातल्या बऱ्याच विटा शरीर घरच्या घरी पाडतं. लायसिनची वीट मात्र त्याला पाडता येत नाही, ती बाहेरूनच यावी लागते.

"हाडं, कातडी, जखम भरनं, साऱ्याले लागते ते," सर सांगतात. "अन् आपल्या ज्वारीत तेच कमी. तुरीत भरपूर. तुरीत जे कमी, ते ज्वारीत हाये. भाकर-वरन म्हंजे छत्तीस गुन जुळलेली सोयरीक हाये बे! अन् तू नुसता ठेचा घेऊन बसला. नवरदेव मांडवात आला, नवरी कुठं हाये?"

माझी पन्नाशी उलटली, पण सरांच्या लेखी मी अजून 'बे'च आहे.

निवृत्त होताना लोक शाल-नारळ घेऊन घरी जातात. सरांनी वर लायसिनची एक बाटली मागून घेतली. आत पांढरी पूड. आल्यागेल्याला चहाच्या आधी ती बाटली दाखवतात, पण झाकण काही उघडत नाहीत. "हवेतला दमटपना ओढून घेते हे. झाकन ढिलं राह्यलं का झाला गोळा!" एकदा शेजारच्या काकांनी गुडघ्यांसाठी त्यातली चमचाभर मागितली, तेव्हा सरांचा आवाज पार बसस्टँडपर्यंत गेला असेल. "प्रयोगशाळेतलं हाये ते! बाटलीतलं शिकवाले, ताटातलं खायाले!" हे वाक्य कॉलनीतल्या पोरांना बाराखडीच्या आधी पाठ होतं.

स्वतः सर मात्र कुणाकडे घासभरही खात नसत. बसा म्हटलं की हात हलवायचे. "मी जेवून आलो." सरांच्या घरच्या काकू वारल्यापासून या फेऱ्या वाढल्या होत्या, हे आम्हाला दिसत होतं. निवृत्त माणूस आहे, करमत नसेल, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

मग माझ्या मुलीच्या सोयरिकीची गोष्ट घडली. नांदुऱ्याचे पाहुणे जेवायला होते. बेत वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा. ऐनवेळी वरण तळाला लागलं. माझ्या बायकोनं, सुनंदानं, ते पातेलं गुपचूप मोरीत नेऊन ठेवलं आणि बट्टीवर तुपाची धार सोडून वेळ मारून नेली. बट्टी आहे आणि वरण नाही, हे पाहुण्यांना दिसत होतंच. पण माणसं भली होती, काही बोलली नाहीत.

सर बोलले. कॉलनीतले वडीलधारे म्हणून त्यांना पंगतीत बोलावलं होतं, तर ते जेवायचं सोडून ताटं पाहत फिरत होते. "थांबा! बट्टी आली, वांगं आलं, लायसिन कुठं हाये?" कुणी अडवायच्या आत ते स्वयंपाकघरात शिरले आणि तिथूनच आनंदानं ओरडले, "वरन हाये हो! मोरीत हाये! लागलं हाये फक्त!"

मुलाची आई हातातला घास तसाच धरून सुनंदाकडे बघत राहिली.

सोयरीक मोडली नाही, कारण मुलगा मोठ्यानं हसला आणि त्याच्यामागून सगळेच हसले. सुनंदा तेवढी हसली नाही. पाहुण्यांची गाडी वळताच ती म्हणाली, "सर, उद्यापासून आमच्या ताटात पाहू नका. माहा उंबरा तुमच्यासाठी बंद."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, चपला घातल्या आणि गेले. त्या दिवसापासून ते कुणाच्याच घरी गेले नाहीत.

कॉलनीत दारं सताड उघडी टाकून जेवणं होऊ लागली. मी मनसोक्त ठेचा-भाकर हाणली. पण पुढे पुढे घास मोडताना कान अंगणाकडे लागायला लागले. सुनंदाही उगाच भांडी आपटायची. शेवटी एका दुपारी तिनंच वरणाचा डबा भरला. "चला. माहं तोंड फटकळ हाये, सरांले कळत असन," ती म्हणाली.

सरांचं दार उघडंच होतं. सर जेवत होते. टेबलावर लायसिनची बाटली, आणि ताटात एक भाकर, ठेचा, अर्धा कांदा. बाकी काही नाही.

इतक्या वर्षांचा सूड आयता समोर वाढून ठेवला होता. मला राहवलं नाही. "सर, लायसिन कुठं हाये?"

सर हसले नाहीत. त्यांनी ताट जरा मागं ओढलं.

"एकट्यापुरतं वरन होत नाही बे," ते म्हणाले. "भाकर एक थापता येते. वरन लावलं का दोघायचंच होते. मंग ते पातेल्यात उरते अन् संध्याकाळपर्यंत माह्याकडं पाहून राह्यते."

"मंग लोकायच्या ताटात काऊन पाहत होते?" सुनंदानं विचारलं. आवाज तिचा नव्हताच जणू, इतका मऊ होता.

"कोनाच्या तरी घरी शिजलं हाये, एवढं पाहिलं का बरं वाटे."

मला फार वाईट वाटलं. 'जेवून आलो' म्हणणाऱ्या या माणसाला आपण कधी 'काय जेवलात?' असं विचारलं नाही.

सुनंदानं डबा उघडून वाटी भरली. "उद्यापासून या तपासाले. पन आपलं ताट घेऊन. ताट नसन, तर दार बंद."

सरांनी वाटीत निरखून पाहिलं, वास घेतला. "लागलं तं नाही ना?"

"खा मुकाट्यानं!"

सरांनी भाकर कुस्करली, वरण ओतलं, दोन घास खाल्ले. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"हवा लय दमट हाये आज," ते म्हणाले.

बाहेर वैशाखातलं मलकापूर भट्टीसारखं तापलं होतं. सरांनी बाटली जवळ ओढली आणि आधीच घट्ट असलेलं झाकण आणखी घट्ट करत बसले.